छोटंसंच ऑपरेशन

माणसाने स्वतःच्या ऑपरेशनला कधीही छोटं म्हणू नये. दुसऱ्याच्या ऑपरेशनला खुशाल म्हणावं, तो आपला हक्कच आहे. पण स्वतःच्या ऑपरेशनला चुकूनही नाही. एवढी एक गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. आमच्या इमारतीत सल्ले भरपूर मिळतात, फक्त हवा तो सोडून.

झालं असं, की माझ्या उजव्या खुब्याचा सांधा झिजला. आता खुबा म्हणजे नक्की काय, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो दुखेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. "खुब्याचं ऑपरेशन आहे" असं म्हटलं की समोरचा आधी माझ्या पोटाकडे बघायचा, मग गुडघ्याकडे, आणि शेवटी विचारायचा, "म्हणजे कुठे हो?" मग मला मागे हात नेऊन स्वतःचीच बैठक थोपटून दाखवावी लागायची. आयुष्यभर शर्ट आत खोचून नोकरी केलेल्या माणसाने भर ऑफिसात, बायकामाणसांसमोर हे करायचं, म्हणजे मूळ दुखणं त्यापुढे सुसह्य वाटायला लागतं.

तसं माझं खुब्याशी भांडण नव्हतं. भांडण होतं जिन्याशी. आम्ही तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. आमची लेक दुसऱ्या गावी असते, तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, आणि लिफ्टवाल्या माणसांना बिनलिफ्टवाल्यांची फार काळजी असते. मागच्या खेपेला आली तेव्हा तिने मला जिना चढताना पाहिलं. मी कठड्याला धरून, एकेका पायरीची मनधरणी करत वर आलो, तर ही दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"बाबा, पुरे झालं. हे घर विकायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं."

"तुझ्याकडे येऊन मी करू काय?"

"आराम करा."

"तो मी इथेच करीन. यंदा निवृत्त झालो की या खिडकीत पायावर पाय टाकून बसणार आहे मी. इतकी वर्षं त्याचसाठी नोकरी केली."

"खिडकीपर्यंत पोचलात तर बसाल ना!"

लेक माझीच असल्यामुळे हट्टात कमी नाही. शेवटी तह झाला. मी ऑपरेशन करून घ्यायचं. ती पुन्हा येईल तेव्हा खाली उतरून, कोणाचाही हात न धरता, परत वर चढून दाखवायचं. काठी आणि कठडा माफ. जमलं तर तिने या घराबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. नाही जमलं तर घर विकायचं. गिऱ्हाईक तिने बघून ठेवलं होतं.

ही, म्हणजे माझी बायको, खाली मान घालून भाजी निवडत होती. "तुझं काय म्हणणं?" मी तिला विचारलं.

"मला कोण विचारतंय," असं ती भाजीला म्हणाली. मी ते माझ्या बाजूचं मत धरलं.

सर्जन तरुण होता, माझ्या मुलीपेक्षाही लहान दिसत होता. "काका, अजिबात काळजी नको," तो म्हणाला. "हल्ली पूर्वीसारखं मोठं कापत नाहीत. छोटासा छेद घ्यायचा, स्नायू कापायच्याऐवजी बाजूला सारायचे, झिजलेला सांधा काढायचा, नवा बसवायचा. त्याच दिवशी उभे राहाल." असं म्हणून त्याने अंगठा आणि तर्जनी फाकवून छेद केवढा ते दाखवलं. बाकीचं मी काही ऐकलं नाही. मला भयंकर भीती वाटत होती. ती दिसू नये म्हणून तिथून बाहेर पडल्यापासून भेटेल त्याला मी तशीच बोटं फाकवून सांगत सुटलो, "काही नाही हो, छोटंसंच ऑपरेशन आहे." सतत छोटं छोटं म्हटलं की ते आपोआप आकसेल, असं काहीसं माझ्या डोक्यात असावं.

त्याचा पहिला फटका ऑफिसात बसला.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. लोक आपापल्या गळत्या घेऊन येतात आणि आम्ही त्या ऐकून घेतो. तक्रारी दोन जातीच्या असतात, गंभीर आणि किरकोळ. पाणी रस्त्यावर आलं तर गंभीर. ज्याची गळती त्याच्याच घरात राहते, ती किरकोळ. ही वर्गवारी मीच बसवली आणि सगळ्या कार्यालयाला शिकवली. किरकोळचा शिक्का माझ्या हाताशी इतका असतो की एकदा मी तो चुकून स्वतःच्या डब्यावर मारला होता.

तर रजेसाठी मी आस्थापनेतल्या बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "कसलं ऑपरेशन?"

"छोटंसंच आहे," मी सवयीने बोटं फाकवली.

"छोटं म्हणजे किरकोळ," बाई म्हणाल्या. "किरकोळ कारणाला किरकोळ रजा."

"अहो बाई, सांधा काढून टाकणार आहेत!"

"पाणी रस्त्यावर येणार आहे का?"

आपणच लावलेलं झाड होतं. साहेबांकडे गेलो, तर साहेब म्हणाले, मोठी रजा हवी असेल तर ऑपरेशन मोठं असल्याचं डॉक्टरांकडून आणा. डॉक्टरांकडे गेलो, तर ते दुखावले. छोट्या छेदासाठी त्यांनी परदेशात जाऊन शिक्षण घेतलं होतं आणि मी त्यांनाच ते मोठं म्हणायला सांगत होतो! शेवटी "छेद लहान, शस्त्रक्रिया मोठी" अशी तडजोड निघाली. बाईंनी ती वाचली आणि "मग तोंडाने छोटं छोटं का म्हणता?" असं सगळ्या विभागाला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं.

इमारतीत तर वेगळीच कथा. दुसऱ्या मजल्यावर बायपासवाले राहतात. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या घरच्यांनाही चटकन आठवत नसेल. त्यांची बायपास होऊन जमाना झाला, पण ते तिच्यातून अजून बाहेर आलेले नाहीत. कोणी नुसतं शिंकलं तरी हे शर्टाची बटणं काढतात आणि गळ्यापासून खाली गेलेला व्रण दाखवतात. मी बातमी सांगितली तेव्हा त्यांनी माझ्या फाकवलेल्या बोटांकडे कनवाळूपणे पाहिलं.

"एवढंच?" ते म्हणाले. "मग होऊन जाईल हो. आमचं म्हणजे..." आणि बटणं.

तळमजल्यावर गवईमास्तर. त्यांच्या खिडकीखाली सगळ्यांच्या स्कूटर लागतात. मास्तरांनी डोळे मिटून आलाप सुरू केला की नेमकी कोणीतरी किक मारतो. "शेवटच्या मजल्यावर जागा मिळाली असती तर माझं गाणं कुठल्या कुठे गेलं असतं," हे ते येताजाता प्रत्येकाला सांगतात. त्यांनी मला सल्ला दिला, "आत घाबरू नका. मनातल्या मनात खर्ज लावा. खर्जाने माणूस स्थिर होतो."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून जो येईल तो एकच प्रश्न विचारत होता, "कोणता पाय?" नर्सने विचारलं, भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, ढकलगाडीवाल्याने विचारलं. सर्जनने विचारलं तेव्हा मात्र मी उठून बसलो. यांनाच माहीत नसेल तर कोणाला माहीत असणार? "उजवा" म्हणून म्हणून माझाच विश्वास उडाला. मी हिला विचारलं, "अगं, उजवाच ना?"

"जेवता त्या बाजूचा," ही शांतपणे म्हणाली.

मग सर्जनने माझ्या उजव्या मांडीवर पेनने बाण काढला. चुकून डावा पाय कापू नये म्हणून ही पद्धत आहे म्हणतात. पद्धत चांगली आहे, पण बाण काढून घेताना आपण पार्सल झाल्यासारखं वाटतं.

मला कमरेत सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर केला. वरचा भाग जागाच होता, आणि तो घाबरला होता. मला मास्तरांचा सल्ला आठवला. मी खर्ज लावला. मनातल्या मनातच लावायचा होता, पण तो बाहेर आला असावा, कारण भूलवाल्या बाई दचकून म्हणाल्या, "पेशंट कण्हतोय, जरा झोपेचं द्या." मास्तरांच्या सल्ल्याचा एवढा गुण मात्र आला. तरी पूर्ण झोप लागण्याआधी पडद्यापलीकडून ठाकठोक ऐकू आलीच. सुताराच्या दुकानात ऐकू येते तशी. आणि सर्जनचा आवाज, "हा हातोडा नको, मोठा द्या."

छोट्याशा ऑपरेशनात मोठं म्हणून जे काही होतं, ते एवढंच.

संध्याकाळी मला खरोखरच उभं केलं. उभं करणारी फिजिओ ही चणीने एवढीशी मुलगी, पण आवाज सेनापतीचा. तिने मला घरी जाण्याआधी नियम सांगितले. "काका, वाकायचं नाही. पाऊल वाकडं पडू द्यायचं नाही. आणि पायावर पाय टाकून बसायचं नाही."

"वाकणं माझ्या स्वभावातच नाही," मी म्हणालो. "पाऊल वाकडं पडायचं वय गेलं. पण पायावर पाय का नाही?"

"सांधा निखळेल."

"अहो, पण मी निवृत्तच त्यासाठी होतोय!"

"डॉक्टर म्हणतील तोपर्यंत नाही," ती म्हणाली, आणि हिच्याकडे वळून, "मावशी, तुम्ही लक्ष ठेवा." हिने जी मान हलवली तीत मला नको तितका उत्साह दिसला.

घरी मला रुग्णवाहिकेच्या दोघांनी खुर्चीत बसवून उचलून नेलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला उचलून धरत होतं, पण कोणत्या कारणासाठी! जिन्यातली सगळी दारं उघडी होती. बायपासवाले पुढे चालत "जरा डावीकडे, सांभाळून" करत होते. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्यांनी उचलणाऱ्यांना सांगितलं, "मला आणलं तेव्हा चार जण लागले होते."

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली. बायपासवाले सकाळीच येऊन बसायचे आणि पाहुण्यांचं स्वागत करायचे. पाहुणे विचारायचे, "कसं आहे? छोटंच होतं ना?" यावर मी काही बोलणार इतक्यात बायपासवाल्यांची बटणं निघायची. त्यांचा व्रण लांबलचक, छातीवर, दिवाणखान्यात दाखवण्याजोगा. माझा एवढासा, आणि अशा ठिकाणी की सभ्य माणसाला दाखवताच येत नाही. पाहुणे "बापरे" म्हणायचे ते त्यांना. मला आणलेली शहाळी त्यांच्या हातात जायची. ही चहा आणायची तोही आधी त्यांच्यापुढे. माझ्याच घरात, माझ्याच आजारपणात मी बघ्या झालो होतो!

मग वॉकरचं प्रकरण. चालायला आधार म्हणून चार पायांचा वॉकर आणायचा होता. बायपासवाले म्हणाले, मी आणतो. दुकानात जाऊन त्यांनी सांगितलं, "वॉकर द्या. छोटंसंच आहे, छोटा चालेल." ते जे घेऊन आले त्याला चाकं होती, मध्ये बसायला कापडी झोळी होती आणि पुढे एक पिवळं बदक होतं. बदकाचं डोकं दाबलं की गाणं वाजायचं. आम्ही ते त्यांच्याच हाती परत पाठवलं, तर दुकानदार म्हणाला, वापरलेलं परत घेत नाही. कोणी वापरलं, असं विचारल्यावर त्याने बायपासवाल्यांकडे बोट दाखवलं. येताना वाटेत ते गाणं वाजवत आले होते.

खऱ्या वॉकरने मी घरात चालायला लागलो. बैठक गुडघ्यापेक्षा उंच हवी म्हणून सुताराने माझ्या खुर्चीच्या पायांना लाकडी ठोकळे लावून दिले. ठोकळे जरा सढळ हाताने लागले. आता मी बसलो की न्यायाधीशासारखा दिसायचो आणि समोरची माणसं आरोपीसारखी. सबंध आजारपणात माझ्या प्रतिष्ठेला लाभलेली ती एकच जागा. तिथेही एकदा टीव्हीचा रिमोट खाली पडला. वाकायचं नाही, ही दुपारच्या झोपेत, आणि मी परदेशातल्या कुठल्या तरी गोगलगायींच्या जीवनावरचा कार्यक्रम संपेपर्यंत पाहिला. त्या माझ्यापेक्षा वेगाने चालत होत्या.

काठीवर आलो तशी फिजिओने जिन्याची शिकवणी सुरू केली. "काका, एकच लक्षात ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी."

"वाईट कोणता?"

"ऑपरेशनचा."

"म्हणजे नवा कोरा सांधा बसवलेला पाय वाईट, आणि हा जुना, कुरकुरणारा, चांगला?"

"हो."

"हे कुठलं शास्त्र!"

"जिन्याचं," ती म्हणाली.

ही दारात उभी राहून बघत होती. "तसंच चढायचं असतं," ती सहज म्हणाली आणि आत गेली. तिला हे कोणी शिकवलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी नव्या पायाच्या अपमानात गुंतलो होतो. शिकवणीत फिजिओ प्रत्येक पायरीला योग्य त्या पायावर टिचकी मारायची. त्यामुळे माझे पाय बरोबर पडायचे, पण चांगला कोण हा वाद मनात तसाच राहिला.

शेवटी लेक आली. गिऱ्हाईकही बरोबर आलं, एक टापटीप गृहस्थ, हातात मोजायची टेप. मी अजून खाली उतरलोही नव्हतो, तोवर तो आमच्या खिडकीची रुंदी मोजायला लागला. माझी खिडकी! मी काठी उचलली. मी आणि ही खाली निघालो. हिला म्हणे भाजी घ्यायची होती. लेक वर दारातच थांबली.

उतरणं ठीक झालं. तळमजल्यावर मी दम खाल्ला, हिने भाजी घेतली. गवईमास्तर दारात उभे राहून एका स्कूटरवाल्याला शाप देत होते, तेही माझा पराक्रम बघायला थांबले. मी वर पाहिलं. जिन्याच्या चौकातून तिसऱ्या मजल्यावर लेकीचं तोंड दिसत होतं आणि त्याच्या खाली, दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून ओणवे झालेले बायपासवाले.

"चला, होऊन जाऊ द्या!" ते ओरडले. "बघू या नव्या पायाचा दम!"

इथे माझी बुद्धी फिरली. एवढे दिवस ज्याला छोटं म्हणून हिणवलं, त्या पायाचा दम सगळ्या इमारतीला दाखवायची संधी आली होती. चढताना चांगला पाय आधी ना? मग झालं तर. मी उजवा पाय, माझा नवा कोरा, हातोड्याने ठोकून बसवलेला पाय, पहिल्या पायरीवर ठेवला आणि निघालो.

पहिला मजला मी निव्वळ मिजाशीवर चढलो. पुढे मिजास कमी पडायला लागली. दुसरा मजला हाताशी आला, बायपासवाल्यांचं दार दिसायला लागलं, आणि तिथे उजवा पाय वरच्या पायरीवर गेला तो गेलाच. शरीर काही त्याच्या मागे जाईना. डावा पाय खालच्या पायरीवर उभा, जणू काही त्याचा या प्रकाराशी संबंधच नाही. वर जाता येईना, खाली येता येईना.

बायपासवाल्यांनी आतून खुर्ची आणली. मला वाटलं माझ्यासाठी, पण ते स्वतःच तीत बसले. "श्वास पोटातून घ्या," ते म्हणाले.

"खर्ज लावा," खालून मास्तर म्हणाले.

"बाबा," वरून लेकीचा आवाज आला. आता त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. "मी येऊ का हात द्यायला?"

हात घेतला की घर गेलं. मी नकाराची मान हलवली. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता, तो सावरायलाही हात मोकळा नव्हता. त्या क्षणी खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. वर टेपचा खटका वाजला.

मग मागून हिचा आवाज आला, अगदी हळू. "अहो, तो पाय खाली घ्या. जुना पाय आधी टाका."

"जुना चांगला कसा?" मी दातओठ खात विचारलं. अशा प्रसंगीसुद्धा मला वाद सोडवेना.

"इतकी वर्षं बिनबोभाट निभावलं, ते चांगलं नाही तर काय?"

हे पायाबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, ते विचारायची ती वेळ नव्हती. मी उजवा पाय खाली घेतला. डावा वर टाकला. आणि गंमत म्हणजे शरीर निमूटपणे त्याच्यामागे वर आलं! पुन्हा डावा. पुन्हा. बायपासवाल्यांच्या दारावरून मी काठी टेकत गेलो तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. शर्टाची बटणं सगळी लावलेली होती. माझ्या मते तो माझ्या आयुष्यातला सर्वोच्च सन्मान होता.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो. लेकीने मला घट्ट धरलं. आता धरायला हरकत नव्हती. "जिंकलात," ती डोळे पुसत म्हणाली. "मी शब्द काढणार नाही." मग आत वळून गिऱ्हाइकाला म्हणाली, "माफ करा हं, विकायचं नाहीये." टेप सर्रकन आत गेली. तो आवाज मला मास्तरांच्या कुठल्याही गाण्यापेक्षा गोड लागला.

मी विजयी मुद्रेने मागे वळलो. विजय बघायला हिने तिथे असायला हवं होतं. ही नव्हती.

मी कठड्यावरून खाली पाहिलं. ही दुसऱ्या मजल्याच्या थोडी वर होती. भाजीची पिशवी तिने एक पायरी पुढे ठेवली होती. एका हाताने कठडा धरून तिने डावा पाय वर टाकला, मग उजवा त्याच्याशेजारी आणून ठेवला. जरा थांबली. पिशवी उचलून पुढच्या पायरीवर ठेवली. पुन्हा डावा. चांगला पाय आधी. फिजिओने शिकवल्यासारखं अगदी बरोबर, आणि सवयीने मुरलेलं. हे काही ती माझ्या शिकवणीत बघून शिकलेली नव्हती.

"काय झालं पायाला?" मी वरून ओरडलो.

तिने वर पाहिलं. पकडली गेल्यासारखी जरा हसली. "काही नाही हो, गुडघा आहे. किरकोळ."

"कधीपासून?"

"सांगितलं होतं की मी. तुम्हीच म्हणालात, किरकोळ आहे."

मी म्हणालो असणारच. शिक्का कायम हाताशी असतो. मी माझ्या एका छोट्या छेदावरून सगळं जग डोक्यावर घेतलं होतं, आणि ही रोज भाजी, दूध आणि माझी औषधं घेऊन हाच जिना चढत होती, चांगला पाय आधी टाकत. गळती घरातल्या घरात होती, रस्त्यावर आली नव्हती, एवढंच. मला फार वाईट वाटलं. मी काठी टेकून तिथेच उभा राहिलो आणि ती पोचेपर्यंत हललो नाही.

ती पोचली तशी मी कठड्यावरून खाली ओरडलो, "मास्तर! तुम्हाला शेवटचा मजला हवाय ना?"

मग मास्तरांनी "आं?" असा जो स्वर काढला तो बहुधा वरचा सा होता.

"अदलाबदल करू या. तुम्ही वर या, आम्ही खाली येतो. स्कूटरचा आवाज आम्हाला चालेल. आम्हाला गाता येत नाही."

"बाबा," लेक म्हणाली, "मग आत्ता हे चढलात कशाला?"

मी हिच्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेलो.

आता आम्ही तळमजल्यावर राहतो. नवा सांधा बसवून मी तो सगळा जिना स्वतःच्या पायांनी एकदाच चढलो, आणि सामान हलवलं त्या दिवशी शेवटचा उतरलो. मास्तर वर मोकळ्या गळ्याने गातात. खाली ऐकू येत नाही, म्हणून अदलाबदल सगळ्यांनाच मानवली. बायपासवाले येताजाता आमच्या नव्या खिडकीशी थांबतात.

हिला मी माझ्याच सर्जनकडे घेऊन गेलो. त्याने गुडघा तपासला, पुन्हा तशीच बोटं फाकवली आणि म्हणाला, "मावशी, गुडघ्यालाही छोटाच छेद." ही ऐकून घेऊन बाहेर आली. घरी आलो तर इमारतीच्या दारात बायपासवाले भेटले. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले? छोटंच ना?"

"छे!" ही म्हणाली. "मोठं आहे. फार मोठं ऑपरेशन आहे हो."

बायपासवाल्यांचा हात बटणाकडे गेला होता तो तिथेच थांबला. बातमी इमारतभर झाली, माझ्या ऑफिसातही पोचली. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी डबा आणून देतं, कोणी भाजी आणतं, बायपासवाले स्वतः दूध आणतात आणि व्रणाचं नावही काढत नाहीत. आस्थापनेतल्या बाईंनी तर मला आपणहून विचारलं, बायकोच्या सेवेसाठी मोठी रजा हवी का? मी घेतली.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर ही ठोकळे लावलेल्या माझ्या खुर्चीत, नव्या घराच्या खिडकीत बसते. मी चहा करून आणतो. परवा कप हातात देताना बघितलं, तर ती पायावर पाय टाकून बसली होती.

"ए, ते मना आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला," ती म्हणाली, आणि साखर कमी आहे म्हणून कप परत दिला.